ओहोटीची सभा

खाडीवर अजून एकही पूल झाला नव्हता, तेव्हाची गोष्ट. त्या खाडीतल्या होड्या दर खेपेला टोपलीभर तांदळाची वर्गणी चिखलातल्या खेकड्यांना, म्हणजे चिंबोऱ्यांना द्यायच्या, आणि चिंबोऱ्या तळाचा गाळ उपसून वाट मोकळी ठेवायच्या. गाळ किती साचला, ते पाण्यात रोवलेला म्हातारा बांबू सांगायचा.

एके वर्षी तिथे नवं, मोठं गलबत आलं. वर्गणीची सभा भरतीला असायची, कारण तेव्हा सगळ्यांना काठाला लागता यायचं. गलबत ऐटीत डुलत म्हणालं, "एवढं पाणी असताना गाळाच्या नावानं तांदूळ कशाला वाटायचे?"

"तळ भरत चाललाय," बांबू म्हणाला.

"आजोबा, तुमचे पाय चिखलात. तुम्हाला चिखलच दिसणार!"

होड्या हसल्या. वर्गणी बंद झाली आणि चिंबोऱ्या आपल्या बिळांत जाऊन बसल्या.

दोन पावसाळे गेले. कौलं भरून निघालेलं गलबत ओहोटीत मधेच रुतलं. त्यानं वाट अडवली, तशा मागच्या सगळ्या होड्याही खोळंबल्या.

"चिंबोऱ्यांना बोलवा हो आजोबा!" गलबत कळवळलं. "भरती येऊन मी सुटलं, की वर्गणीचं बघू."

"भरतीला नाही, आत्ताच ठरव," बांबू शांतपणे म्हणाला. "पाणी चढलं की तुला गाळ दिसायचा नाही."

गलबतानं चिखलात पडल्या पडल्याच दोन टोपल्या कबूल केल्या.

तेव्हापासून तिथली सभा ओहोटीलाच भरते. ज्याचा तळ चिखलाला टेकलाय, त्यानंच तिथे बोलायचं.