टेकडीवरचे विद्यापीठ आणि माळावरची टिटवी

एका जंगलात एका टेकडीच्या माथ्यावर प्राण्यांचे मोठे विद्यापीठ होते. लांबलांबच्या रानांतून हरणे, माकडे, कोल्हे, मोर तिथे शिकायला येत. टेकडीच्या पायथ्याशी ससे, मुंगूस, साळिंदरे आणि तित्तर यांची वस्ती होती. ही वस्ती विद्यापीठापेक्षा कितीतरी जुनी. पण मुलांनो, वर आणि खाली यांच्यात बोलणे असे उरलेच नव्हते. विद्यार्थी वस्तीला अडाणी म्हणत. वस्तीवाले विद्यार्थ्यांना टोळधाड म्हणत. ओढ्याकडे जाणारी जवळची पायवाट वस्तीतून जायची. वस्तीने ती बाभळीच्या फांद्या टाकून बंद केली होती. विद्यार्थ्यांना पाणी प्यायला सगळ्या टेकडीला वळसा घालावा लागे.

त्या वर्षी विद्यापीठात एक हत्ती नवा कुलगुरू म्हणून आला. तो दूरच्या सालवनातला. विद्वान होता, स्वभावानेही चांगला होता. पण इथे त्याचे असे कोणी नव्हते. दिवसभर त्याच्याभोवती गर्दी असे. विद्यार्थी मान लववून नमस्कार करत, काही विचारून निघून जात. संध्याकाळ झाली की एवढ्या मोठ्या अंगणात तो एकटाच उरे. जेवायलाही एकटा. अशा वेळी खालून वस्तीचा आवाज वर येई. कोणी पोराला जेवायला हाका मारतेय, कोणी शेजारणीशी भांडतेय, मध्येच सगळे मिळून हसताहेत. हत्ती कान पसरून ते ऐकत राही. एकदा न राहवून तो खाली गेला. त्याची सावली वस्तीत पडताच बोलणी थांबली. एकेका बिळाचे तोंड आतून बंद झाले. हत्ती थोडा वेळ उभा राहिला आणि परत फिरला.

दुसऱ्या दिवशी त्याने मोराला विचारले, "वस्तीशी आपले जमावे म्हणून काय करता येईल?"

मोर मोठ्या हौसेचा. तो म्हणाला, "त्यात काय अवघड आहे, गुरुजी? स्नेहमेळावा भरवू. वस्तीच्या थोडा वर, आपली दरवर्षी शर्यत होते तो सपाट माळ आहे, तिथे मंडप घालू. तुम्ही भाषण करा, मी नाचतो. बघा, सगळी वस्ती लोटेल!"

झाले! माकडांनी झाडाझाडांवरून मेळाव्याची दवंडी पिटली. पानांचा मंडप उभा राहिला. उंबरे, बोरे, मध, कोवळे कंद यांच्या राशी लागल्या. मेळाव्याच्या दिवशी हत्ती अंग धुऊन वेळेआधीच येऊन बसला. ऊन उतरले, सावल्या लांबल्या, तरी वस्तीतून कोणी आले नाही. मोर रिकाम्या जागेपुढे थोडा नाचला आणि ओशाळून थांबला. विद्यार्थ्यांनी फळांवर ताव मारला आणि ते टेकडी चढून गेले. हत्ती मात्र बसून राहिला.

तेव्हा त्याला दिसले की माळाच्या कडेला, खडे-गोट्यांत, एक टिटवी उभी आहे. हत्तीला फार बरे वाटले. तो उठून म्हणाला, "या, टिटवीबाई! निदान तुम्ही तरी आमच्या मेळाव्याला आलात."

"मी मेळाव्याला आले नाही," टिटवी म्हणाली. "मी रोजच इथे असते."

"रोज? इथे तर काहीच नाही."

"आता नाही. मागच्या वर्षी होती, माझी अंडी. आम्ही टिटव्या झाडावर घरटे बांधत नाही. माळावर खड्यांत अंडी घालतो. माझी आईही इथेच घालायची. तुमची शर्यत झाली, सगळे खूर ह्याच बाजूने गेले. मी ओरडत होते. ऐकणारे म्हणत होते, बघा, टिटवीसुद्धा शर्यतीला दाद देतेय."

हत्तीने आपल्या पायांखालच्या खड्यांकडे पाहिले. त्याने विचारले, "मग विद्यापीठातून कोणी आले नाही?"

"आले होते ना. तुमच्या कचेरीतले घुबड आले होते. त्याने विचारले, अंडी नक्की इथेच होती का? मी म्हटले, होती. ते म्हणाले, चौकशी करून कळवतो. अजून कळवतेच आहे. त्याच दिवशी वस्तीने पायवाट बंद केली. मी कोणाला सांगितले नव्हते हो. त्यांनी आपणहूनच केली."

एवढे बोलून टिटवी खड्यांत नीट बसली, जणू पंखांखाली काही आहे. हत्ती टेकडी चढून वर आला. त्या दिवशी त्याने काही खाल्ले नाही.

सकाळी त्याने सगळ्या विद्यार्थ्यांना जमवले आणि सांगितले, "यापुढे माळावर शर्यत होणार नाही."

एकच गलका उठला. एक कोल्हा पुढे होऊन म्हणाला, "गुरुजी, सपाट जागा म्हणाल तर तेवढी एकच आहे. एका टिटवीसाठी सगळ्यांची शर्यत बंद?"

"दुसरी जागा मिळेपर्यंत बंद," हत्ती म्हणाला, आणि त्याने टिटवीची हकीकत जशीच्या तशी सांगितली.

गलका शमला. मागे एक तरुण काळवीट उभा होता. मागच्या शर्यतीत तोच पहिला आला होता. तो हळूच म्हणाला, "गुरुजी, मला पायाखाली काहीतरी फुटल्यासारखे वाटले होते. मला वाटले, ढेकूळ असेल."

त्या संध्याकाळी हत्ती आणि काळवीट दोघेही माळावर गेले. काळविटाने पाठ केलेली क्षमायाचना टिटवीपुढे गेल्यावर त्याला आठवेचना. तो नुसता मान खाली घालून उभा राहिला. टिटवीने त्याच्याकडे, मग त्याच्या खुरांकडे बराच वेळ पाहिले.

"धावताना खाली बघत जा, बाळ," ती म्हणाली. आणि पुन्हा खड्यांत जाऊन बसली.

हत्ती रोज माळावर जाऊ लागला. टिटवी एका कडेला, हत्ती दुसऱ्या कडेला. बोलणे फारसे होत नसे. परत येताना तो मुद्दाम वस्तीतून येई. पहिल्या दिवशी म्हाताऱ्या सशाने बिळातूनच विचारले, "काय कुलगुरू, आता कसला मेळावा?"

"मेळावा नाही. सहज आलो होतो."

"वरून सहज कोणी येत नसते," ससा म्हणाला आणि आत गेला.

तरी हत्ती येत राहिला. तो कोणाला बोलवत नसे, खाऊ वाटत नसे, समजावत तर मुळीच नसे. वाटेवर एखादे खोड पडले असले तर उचलून बाजूला ठेवी आणि पुढे जाई. एके दिवशी एक मुंगूस चिडून त्याच्या वाटेत आडवे उभे राहिले. "तुमची माकडे वरून कवठे फेकतात! ती गडगडत येऊन आमच्या दारावर आदळतात. पोरे दचकून उठतात. हे कोणाला सांगायचे?"

"मला सांगा," हत्ती म्हणाला. "कुठून फेकतात तेही दाखवा."

मुंगसाने उतारावरची जागा दाखवली. हत्तीने वर जाऊन माकडांना चांगले खडसावले, आणि कवठे येणे थांबले. मग साळिंदराने तक्रार सांगितली, तित्तराने सांगितली. काही खऱ्या होत्या, काही वाढवलेल्या. हत्तीने सगळ्या ऐकल्या. ज्या सोडवता आल्या त्या सोडवल्या. ज्या सुटल्या नाहीत त्यांबद्दल दुसऱ्या दिवशी येऊन "हे मला जमले नाही" असे स्वतः सांगितले. कळवतो असे तो कोणाला म्हणाला नाही. वस्तीची दारे अजून उघडत नव्हती, पण तो येताना दिसला की बोलणी थांबेनाशी झाली.

आणि एके दिवशी माळावर टिटवी नव्हती. हत्तीने खड्यांत पाहिले, झुडपांमागे पाहिले. अंधारून येईपर्यंत थांबला. दुसऱ्या दिवशीही ती आली नाही. तिसऱ्या दिवशी तो आपल्या नेहमीच्या जागी, रिकाम्या माळाकडे तोंड करून उभा राहिला. त्या जंगलात रोज ज्याच्याजवळ जाऊन उभे राहावे असे त्याला एकच कोणी होते, आणि तेही आता नव्हते.

मागे पाचोळा वाजला. म्हातारा ससा दम खात वस्तीतून चढून माळावर येत होता. वस्तीतले कोणी आपणहून हत्तीकडे येण्याची ही पहिलीच वेळ.

"तिची वाट बघू नका," ससा म्हणाला. "ती नदीपलीकडच्या माळावर गेली. म्हणाली, इथे बसले की मागचेच दिसते. तिकडे पुन्हा अंडी घालीन."

"परत येणार नाही?"

"नाही म्हणाली."

हत्ती सशाकडे वळला. मग त्याने विचारले, "हे सांगायला तुम्ही एवढे चढून आलात?"

"मग? तुम्ही असे रोज येऊन उभे राहणार, आणि आम्ही खालून बघत बसणार? शेजारात असे कोणी करत नाही." ससा एका दगडावर टेकला. "जाताना तिने विचारले होते, त्या हत्तीला कोण सांगेल? मी म्हटले, मी सांगतो."

दोघेही रिकाम्या माळाकडे पाहत राहिले. वारा पडला होता. खालून वस्तीचा आवाज येऊ लागला. कोणीतरी सशाच्या नावाने हाका मारत होते.

"जेवायला बोलावताहेत," ससा उठत म्हणाला. चार उड्या मारून तो थांबला आणि वळला. "हत्तीभाऊ, तुम्ही वर जाऊन एकटेच जेवता ना?"

"हो."

"मग चला खाली."

"तुमच्या बिळात मी कसा मावणार?" हत्ती म्हणाला.

"मावायला कोण सांगतेय? दाराशी बसा," ससा म्हणाला. "दार उघडे ठेवू."

तात्पर्य : ज्याचे आपल्यामुळे नुकसान झाले, त्याला मेजवानीला बोलावण्याआधी त्याच्या दारी जाऊन त्याचे ऐकावे. झालेले नुकसान तेवढ्याने भरून येतेच असे नाही, पण शेजार तिथूनच सुरू होतो.