खातो, पण देतो

फार पूर्वी दूर दक्षिणेकडच्या एका मोठ्या देशात, रुंद नदीच्या काठी कॉफीच्या मळ्यांचे एक गाव होते. गावाचे एक सामाईक कोठार होते. प्रत्येक घर त्यात धान्य, कॉफीचे बियाणे आणि रानातल्या एका झाडाची साल आणून टाकी. नदीकाठी ताप फार, आणि त्यावर त्या सालीचा काढा हाच एक उपाय होता.

कोठार सांभाळणारा कोठावळा गावकरीच दरवर्षी सभेत निवडत.

कोठावळा खातो, हे सगळ्यांना ठाऊक होते. पण त्याचा हात सैल होता. कुणाचे छप्पर शाकारून दे, कुणाच्या लग्नात जेवण घाल, असे त्याचे चाले.

एका सभेत म्हातारा माळी उठला. "हा आपले बियाणे गलबतवाल्यांना विकतो. उद्या रोपे कशाची लावाल? यंदा दुसरा नेमू."

"दुसरा कोण, तुम्ही?" नावाडीण म्हणाली. "आजोबा, याच्या आधीचा खात नव्हता, पण देत तरी कुठे होता? याने मला होडी करून दिली. खातो, पण देतो ना!"

सभा खळखळून हसली. कोठावळा पुन्हा निवडून आला.

गावाला चालते म्हटल्यावर तो जास्त खाऊ लागला. मग त्याचे मदतनीसही खाऊ लागले. मळे म्हातारे झाले, नवी रोपे लागली नाहीत. गलबते येईनाशी झाली. तरुण पोरे गाव सोडून निघाली. नावाडीणच त्यांना पैलतीरी पोचवून रिकामी परत येई.

मग तापाची साथ आली. नावाडिणीचा नवरा अंथरुणाला खिळला. ती कोठाराकडे धावली.

"दादा, मूठभर साल द्या."

कोठावळ्याने दार उघडून दाखवले. आत नुसता केर होता.

"सगळी विकलीत?"

"विकली." तो चिडला नाही, लाजलाही नाही. "ताई, तुमची होडी त्यातूनच झाली. मी काय माझ्या घरचे देत होतो?"

नवरा गेला. माळी येऊन उंबऱ्याशी बसला.

पुढच्या सभेला कोठावळा व्हायला एक नवा माणूस उभा राहिला. त्याने घरटी एकेक घोंगडी वाटली. नावाडिणीने आपली परत केली.

शेजारीण कुजबुजली, "घे गं. थंडी पडायला लागलीय."

तात्पर्य: आपल्याच ताटातले उचलून त्यातला घास आपल्याला भरवणाऱ्याला दाता म्हणू नये.