ओल्या लाकडाचा ढोल

डोंगरउतारावरच्या एका दाट रानात एक म्हातारे अस्वल राहत असे. लाकडावर नखाने टकटक केली की आतला नाद त्याला कळे. त्या रानात बिबट्याचा फार उपद्रव होता. तेव्हा सगळ्या प्राण्यांनी ठरवले, टेकडीवर एक ढोल असावा आणि बिबट्या दिसताच अस्वलाने तो वाजवावा. त्याच आठवड्यात एका हरिणीची आई म्हातारपणाने गेली. हरिणी अस्वलाकडे आली. डोळे पुसत म्हणाली, "दादा, ढोलाला तिचंच कातडं घ्या. गेल्यावरही ती आमची राखण करील."

अस्वलाने ते कातडे जिवापाड जपून कमावले. राहिले लाकूड. दूरच्या खिंडीत शिवणीचे एक झाड वर्षापूर्वी पडून सावलीत खडखडीत वाळले होते. अस्वल म्हणाले, "तेच हवं. आणायला पंधरा दिवस लागतील." कोल्हा हसला. "तोवर बिबट्या काय उपास धरणार आहे? ही ओढ्याकाठची सावर तोडा की! लाकूड ते लाकूड." सगळ्यांनी माना डोलावल्या. अस्वलाने सावरीवर नख मारले. आवाज बद्द आला; लाकूड ओले होते. पण चारचौघांत वाईट कोण होणार? ते गप्प बसले आणि त्याने सावर तोडली.

ढोल घुमला तेव्हा रान नाचले. मुलांनो, हरिणी तर त्या आवाजाच्या भरवशावर पाडसाला घेऊन लांबच्या कुरणात चरू लागली. महिन्याभरात लाकूड वाळत गेले, आक्रसले, आणि एके सकाळी अस्वलाला ढोलाच्या अंगावर केसाएवढी चीर दिसली. "आता सांगितलं तर सगळे मलाच हसतील," असे म्हणून त्याने चिरेत मेण भरले. पुढे रोज चीर वाढे आणि रोज ते मेण भरी.

मग एका दुपारी गवतातून बिबट्या निघाला. अस्वलाने जीव खाऊन टिपरू हाणले. फट्! ढोल उभा चिरला, कातडे सैल पडले. अस्वल ओरडत धावले. पण कुरण लांब होते. ते पोचले तेव्हा हरिणी एकटीच उभी होती; पाडस बिबट्याने नेले होते. "दादा, ढोल का नाही वाजला?" तिने विचारले. अस्वलाने खाली मान घालून सगळे सांगितले. "मी माझी आई दिली होती," एवढेच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी हरणांचा कळप ते रान सोडून गेला. अस्वलाला कोणी बोल लावला नाही. त्याच्याशी पुन्हा कोणी बोललेच नाही.

तात्पर्य : अजाणत्याची चूक एक वेळ निभावते, पण जाणत्याने भिडेपोटी गिळलेले सत्य दुसऱ्याचा जीव घेते, आणि मग पश्चात्तापानेही तो परत येत नाही.