धाल्याचा कडा

कातळवाडीच्या माथ्यावर एक उभा कडा आहे. त्याच्या कपारींना आग्या मोहळं लगडलेली असतात. त्याला धाल्याचा कडा म्हणतात. पाहुणे नावाचा अर्थ विचारतात, तेव्हा वाडीतले म्हातारे धावजीबाबा भांगरे आधी त्यांना काठापासून दूर बसवतात आणि मग सांगायला घेतात.

फार पूर्वी वाडीत कोंडू नावाचा मधकाढ्या होता म्हणे. मधाला उतरणाऱ्याचा दोर त्याच्या बायकोच्या भावाने धरायचा, अशी रीत होती. बहिणीचं कुंकू हातात असलं की माणूस दोर सोडत नाही. कोंडूचा दोर लखमा धरी. कोंडूला कधी कशाने 'झालं' असं वाटत नसे. जेवताना त्याची बायको ठकू विचारी, "धालात का?" म्हणजे पोट भरलं का आणि मनही निवलं का. तो ताटच पुढे करी.

एका चैत्रात कोंडू कड्यावर लटकून मोहळ कापत होता. वर लखमाला दिसलं, की खडकाच्या धारेवर दोराचा पीळ उसवतो आहे. न सांगता ओढावं, तर कपारीत वाकलेला माणूस कातळावर आदळणार.

"दाजी, दोर झिजलाय. वर या."

"मेव्हण्याचे हात भरून आले वाटतं," खालून आवाज आला. "आणखी एक पोळं घेतो."

"मग कडाच बांधून देऊ का घरी न्यायला?"

"दे की."

आणखी एक पीळ सुटला. भाकरी घेऊन आलेल्या ठकूने तो पाहिला. ती काठावर पालथी पडली. तिला दुसरं काही सुचेना. तोंडून रोजचाच प्रश्न निघाला, "धालात का?"

असं सांगतात, की कोंडूने तेव्हा जवळच्या मधाच्या मडक्यात पाहिलं. ते अर्धं भरलं होतं. तेवढ्या मधावर घरचं वर्ष निघायचं. त्याला हे ठाऊक होतं, पण कड्यावर लटकताना कधी आठवलं नव्हतं.

"धालो," तो म्हणाला आणि कोयता कमरेला खोचून कपारीतून बाहेर सरळ झाला.

"या वर," म्हणत लखमाने दोर ओढला. झिजलेली जागा काठावर येताच त्याने तिच्या खाली, कोंडूच्या बाजूला पकड घेतली. कोंडू वर आल्यावर लखमाने ती जागा दोन बोटांत धरून जराशी ताणली. दोर तुटला. मग ठकूने भाकरी मोडली आणि तिघांनी ती मधाशी खाल्ली.

आजही कातळवाडीत पाहुणा 'पुरे, पुरे' म्हणाला, तरी वाढणं थांबत नाही. पुरे तर माणूस भिडेपोटीही म्हणतो. 'धालो' म्हटलं, की मात्र वाढणारीचा हात जागीच थांबतो आणि ती हसून म्हणते, "या वर."