पोटाखालची पट्टी

लाकूडसामानाला वाचा होती, त्या काळातली गोष्ट. एका वाचनालयाच्या कपाटात वर जुनी सागवानी फळी होती आणि तिच्याखाली भुसा दाबून केलेली नवी, धाकटी फळी. पुस्तकांचं ओझं दोघींवर सारखंच. पण धाकटी मधोमध झुकू लागली. सुतार म्हणाला, "उद्या हिला काढून बंबात घालतो."

"मन घट्ट कर गं," सागवानी आजी वरून म्हणाली. "आम्ही नाही कधी वाकलो. तुमची पिढीच भुसभुशीत!"

धाकटीनं श्वास रोखून मन घट्ट केलं, तरी ती आणखीच वाकली. आपलं नेमकं काय चुकतंय, तेच तिला कळेना. भुसा वाईट, की मन कच्चं? हताश होऊन तिनं वर पाहिलं.

"आजी, तुमच्या पोटाला ही जाड पट्टी कसली ठोकलीय?"

"ती होय? ती पहिल्यापासूनच आहे. तिचं काय एवढं?"

धाकटी रात्रभर त्या पट्टीकडेच बघत राहिली. दुसऱ्या दिवशी सुताराचा हात लागताच ती ओरडली, "दादा, जाळण्याआधी मलाही तशी पट्टी ठोकून बघा!"

सुतारानं ठोकली. पुन्हा पुस्तकं रचली, तरी धाकटी सरळच राहिली.

"बघ," आजी वरून म्हणाली, "शेवटी केलंस ना मन घट्ट?"