तिरफळाखाली फिरलेला शब्द

तुमच्या-माझ्या पणज्यांना पहिला दात यायचा होता, तेव्हाची ही गोष्ट. विश्वास ठेवू नका, पण ऐका.

खाजणगावात वरची वाडी आणि खालची वाडी यांच्या मधल्या बांधावर एकच तिरफळ होतं. बुंध्यावर वाघनखांसारखे काटे, आणि फळांना वास असा, की वारा फिरला तर बांगडे आपण होऊन किनाऱ्याला लागत, असं म्हणतात.

आवडूकाकी त्या फळांच्या सालींचं तेल काढी. मडक्यात साली उकळायच्या, वाफ बांबूच्या नळीतून गार मडक्यात उतरवायची, पाण्यावर तरंगेल तेवढं तेल टिपून घ्यायचं. दुखऱ्या दाढेवर एक थेंब, की दाढ गप्प. पोट मुरडलं तर खोबरेलात मिसळून बेंबीवर. त्याआधी दाढेला एकच औषध होतं, लोहाराची सांडशी.

पण झाड कुणाचं, यावरून दोन्ही वाड्या इतक्या भांडल्या, की शेवटी ठरलं, कुणालाच नको, तोडून टाका. रीत अशी, की गावचा मुख्य मानकरी असलेल्या भिकाजी गावकराने झाडाखाली उभं राहून, देवाचं नाव घेऊन तीनदा ‘तोडा’ म्हणायचं. असा पडलेला शब्द खुद्द गावकरालाही मागे घेता येत नसे.

काकी रडली नाही, कुणाच्या पाया पडली नाही. झाडाखाली चूल मांडून तिने बांगड्यांची आमटी रांधली आणि वर्षभराच्या तेलाची कुपी तीत उपडी केली.

“तोडा मेल्यांनो, पण जेवून तोडा,” ती म्हणाली. “पाप उपाशी पोटान करूचां नसतां.”

बांगड्याला नाही म्हणेल असा माणूस कोकणात अजून जन्मायचाय. सगळे भुरके मारून जेवले. मग गावकर उठला. जीभ लाकडासारखी बधिर. देवाचं नाव कसंबसं घेतलं, ‘तोडा’ म्हणायला गेला, आणि तोंडातून आलं, “सोडा.”

त्याने जिभेला चिमटा काढला. पुन्हा ‘सोडा’. तिसऱ्यांदा मानेच्या शिरा ताणून असा ओरडला, की समोरचा डोंगरसुद्धा ‘सोडा, सोडा’ म्हणू लागला, असं म्हणतात.

“शब्द पडलो, गावकारानू,” काकी म्हणाली. “आता कुऱ्हाडी सोडा.”

आजही खाजणगावात झाड तोडायचं, तर आधी आवडूकाकीच्या नावाने मूठभर तिरफळं चावायची आणि तीनदा ‘तोडा’ म्हणायचं. स्पष्ट उमटलं, तर खुशाल तोडा. अजून कुणाला जमलेलं नाही. म्हणून तर त्या गावात भर दुपारी वाट शोधायला कंदील लागतो.