खंडेनवमीची आंघोळ

एकदा एक असा मिस्त्री होता, ज्याच्या तोंडून 'शाब्बास' हा शब्द ऐकलेला माणूस पंचक्रोशीत सापडत नव्हता. दाजीबा त्याचे नाव. दारे-खिडक्यांच्या चौकटी बसवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. काम मनासारखे झाले तर तो 'हं' म्हणे. नाही झाले, तर काहीच न बोलता हत्यार उचले आणि ते स्वतः पुन्हा करी. त्याच्या हाताखाली सोपान नावाचा एक तरुण कित्येक वर्षे काम करीत होता. एव्हाना त्याच्या गाठीला पुष्कळ 'हं' जमा झाले होते. पण नुसत्या हुंकारावर शिष्याचे मन भरत नाही, हे ज्याने अबोल गुरूकडे उमेदवारी केली आहे त्याला वेगळे सांगायला नको.

त्या वर्षी डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावातल्या बायकांनी मिळून सीताफळांसाठी एक थंड खोली उभारली. सीताफळाचा स्वभाव मोठा विचित्र. झाडावर असते तेव्हा दगड, आणि एकदा पिकू लागले की संध्याकाळची सकाळ होऊ देत नाही. दरवर्षी निम्मा माल डोळ्यांदेखत काळा पडून उकिरड्यावर जाई. आता गर काढून थंड खोलीत ठेवायचा, असे त्यांनी ठरवले होते. दसऱ्याचा मुहूर्त धरला होता. खोलीचे जाडजूड दार बसवण्याचे काम दाजीबाकडे आले आणि दाजीबाने ते सोपानकडे दिले. "तू कर. मी नुस्ता बसतो," एवढेच तो म्हणाला.

हे पहिलेच काम सोपानच्या एकट्याच्या हातचे होते.

चौकट आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर फट राहते. ती बुजवायला हल्ली डब्यात भरलेला फेस मिळतो. डबा एका गनवर पिळून बसवायचा, उलटा धरायचा आणि चाप ओढायचा. नळीतून लोण्यासारखा फेस बाहेर येतो, फटीत शिरतो, फुगतो आणि तासाभरात असा घट्ट होतो की मुंगीला वाट उरत नाही. दाजीबाकडे अशी एकच गन होती; नळीत तिचे तोंड बंद ठेवणारी लांब सुई, आणि मागे ती सुई आवळायचा स्क्रू. दिसायला अगदी गबाळी. नळीवर वाळलेल्या फेसाची पुटे, मुठीवर डाग, आणि डोक्यावर कायम एक अर्धामुर्धा डबा बसलेला. रंधा, पटाशी, करवत यांना रोज तेलपाणी करणारा हा माणूस गनला मात्र कधी फडकेसुद्धा लावत नसे, याचे सोपानला फार दिवस कोडे होते.

अष्टमीला चौकट उभी राहिली आणि छताकडचे सांधे भरून झाले. निघताना दाजीबाने गन सोपानच्या हाती दिली.

"मागचा स्क्रू आवळून ठेव. डबा काढू नगंस. बाकी काय करू नगंस."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. या दिवशी हत्यारांना विश्रांती असते. ती धुवायची, पुसायची, पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचे, झेंडूचे फूल ठेवायचे. सोपानच्या घरी ही रीत आजोबांपासून चालत आलेली. त्याने करवती घासल्या, पटाश्या उजळल्या, आणि मग त्याची नजर त्या गबाळ्या गनवर गेली. लक्ष्मीपुढे हे असे ध्यान कसे मांडायचे? गुरूची आज्ञा त्याला आठवत होती. पण आज्ञा देताना मिस्त्रीला सण आठवला नसेल, असे त्याने स्वतःच्या मनाला पटवले. शिवाय, खरे सांगायचे तर, एक लोभ होताच. गन लखलखीत पाहिली की मिस्त्री काहीतरी बोलेल. एक तरी शब्द बोलेल.

त्याने डबा पिळून काढला. फस्सकन थोडा फेस उडाला, तो त्याने पुसला. गन नळाखाली धरली, चाप ओढून ओढून नळीतून पाणी खेळवले, ब्रशने घासली, उन्हात वाळवली. पाटावर मांडली तेव्हा ती नव्या नवरीइतकी चमकत होती. सोपानने तिला जरा जास्तच कुंकू लावले.

दसऱ्याच्या सकाळी गावात तोरणे लागली होती. खोलीबाहेरच्या मांडवात बायका पहाटेपासून सीताफळे फोडत होत्या आणि पातेल्यांमागून पातेली पांढऱ्या गराने भरत होती. यंत्र सुरू झाले होते. पण चौकटीभोवतालच्या फटीतून थंडावा भसाभस बाहेर पडत होता, आणि आतला तापमानाचा काटा खाली उतरायचे नाव घेत नव्हता. सोपानने नवा डबा उचलला. तो गनवर बसवण्याआधी सहज चाप ओढून पाहिला. चाप हलेना. जोर लावला, तरी हलेना. मागचा स्क्रू फिरेना. नळीच्या तोंडाशी पिवळट काहीतरी दाताच्या कीटणासारखे घट्ट बसले होते.

सोपानच्या तोंडचे पाणी पळाले.

बायकांची पुढारी होती हौसाक्का. तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

"काय झालं रं सोपाना?"

"गन... गन आखडली, आक्का."

"आखडली म्हंजे? काल तर तिची पूजा केलीस म्हणं!"

तालुक्याचे दुकान सणाला बंद. दुसरी गन जवळपास कोणाकडे नव्हती. पातेल्यांच्या कडेचा गर आताच किंचित तपकिरी दिसू लागला होता. एका बाईने फटीत गोणपाट कोंबायचे सुचवले, दुसरीने गन उकळत्या पाण्यात टाकायला सांगितले आणि हंडा आणायला ती उठलीसुद्धा. इतक्या बायकांनी वर्षभर जिवाचे रान करून जे उभे केले, ते आपण गनला घातलेल्या एका आंघोळीने बुडणार, हा विचार सोपानला सहन होईना. दाजीबा मांडवाच्या खांबाला टेकून बसला होता. सोपान त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"मिस्त्री, मी धुतली. पाण्यानं. तुम्ही नको म्हणाला होता."

दाजीबाने गन हातात घेतली, उलटीसुलटी केली. त्याच्या कपाळावर आठी आली आणि गेली.

"हंडा खाली ठेव, बाय," तो म्हणाला. "पान्याचा एक थेंब हिच्याजवळ आणू नगा."

मग त्याने पिशवीतून एक छोटा डबा काढला. तो होता क्लीनरचा, फेस काढण्याच्या द्रवाचा. त्याचा वास सुटताच मांडवातल्या पोरी हसल्या, कारण नखांचा रंग काढायच्या औषधाला असाच वास येतो. दाजीबाने तो डबा गनवर बसवला आणि जेवढा द्रव आत जाईल तेवढा जाऊ दिला. मग नळीचे तोंड त्याच द्रवाने भरलेल्या स्टीलच्या पेल्यात बुडवून गन सावलीत उभी केली. सोपान चापाला हात घालणार, तोच त्याने त्याचे मनगट धरले.

"वढू नगंस. बस."

"मिस्त्री, गर काळा पडतोय!"

"पडू दे थोडा. कालचा फेस हाय, अजून कवळा हाय. वाळल्याला फेस विरघळत न्हाई, पन भिजून फुगतो आन् धरल्याली जागा सोडतो. त्येला सोडायला येळ दे. वढलास तर सुई मोडंल, मग देवसुदीक येऊन उपेग न्हाई."

आणि तो खुशाल दुसऱ्या खांबाला टेकून बसला. हौसाक्का चार वेळा उठली, चार वेळा बसली, आणि शेवटी तिने पातेली ओल्या फडक्यांनी झाकून सावलीत सरकवली. सोपान त्या पेल्याकडे टक लावून बसला. आयुष्यात तो इतका वेळ कधी थांबला नव्हता.

बऱ्याच वेळाने दाजीबाने मान हलवली. "आता तू. माझा हात लागणार न्हाई."

सोपानने मागचा स्क्रू फडक्यात धरून हळू फिरवला. तो कुरकुरला, आणि फिरला. स्क्रूमागोमाग लांब सुई बाहेर सरकू लागली. तिच्या अंगावर पिवळी, लिबलिबीत साल चढली होती. ती त्याने बांबूच्या कामटीने सोलून काढली. नळीत तार घातली, पुन्हा द्रव सोडला, पुन्हा तार. जिथे डबा बसतो तिथली, फेसाची वाट अडवणारी बारीक गोळी दाबून तिच्याभोवतीची घाण काढली. एक मऊ तुकडा निघाला, मग दुसरा, आणि मग नळीच्या या तोंडाला डोळा लावला तर त्या तोंडातून मांडवाचे तोरण दिसू लागले. सोपान ओरडला, "आक्का, पलीकडचं दिसतंय!" बायका हातातली सीताफळे टाकून बघायला धावल्या.

सुई बसली. नवा डबा बसला. सोपानने डबा चांगला हलवून घेतला, गन फटीजवळ नेली, आणि दाजीबाने मागून एक विलक्षण गोष्ट सांगितली.

"आदी फटीवर पानी मार."

सोपान थिजला. "मिस्त्री, मगाशी तुम्हीच म्हणाला, पाण्याचा थेंब नको!"

"व्हय. आता मीच म्हनतोय, पानी मार. चांगली ओली कर."

सोपानला काही उमगले नाही. पण एकदा आज्ञा मोडण्याची फळे तो सकाळपासून चाखत होता. त्याने बादलीतले पाणी ओंजळीने फटीवर चहूबाजूंनी शिंपडले. मग चाप ओढला. क्षणभर नुसती हवा फुसफुसली, आणि मग नळीतून पांढराशुभ्र फेस डौलात बाहेर आला. बायकांनी एकच गिल्ला केला. सोपान खालून वर सरकत गेला, वरच्या पट्टीवरून पलीकडे वळला, पुन्हा खाली आला. हात स्थिर होता, चापावरचा दाब एकसारखा होता. फेस फटीत शिरला, ओल्या भिंतीला चिकटला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फुगू लागला. मघापर्यंत जिथून वारा सुटत होता, तिथे हौसाक्काने हात धरून पाहिला. "बंद! पार बंद!" ती म्हणाली.

फेस घट्ट झाल्यावर सोपानने बाहेर आलेले फुगवटे पात्याने सरळ कापले. दार लागले. आतला काटा उतरू लागला, आणि ऊन कलायच्या आत पातेल्यामागून पातेले आत गेले. फक्त कडेचा थोडा गर काळा पडला होता. हौसाक्काने तो काढून म्हशीला घातला आणि कुणालाही त्याची आठवण करून दिली नाही. मग बायकांनी दाराला हळदकुंकू लावले, झेंडूची माळ बांधली, आणि फेर धरून अशा नाचल्या की मांडवाचा एक खांब कलला. दाजीबाने तोही सरळ केला.

गडबड ओसरल्यावर सोपान गुरूजवळ येऊन बसला.

"मिस्त्री, पाणी चांगलं का वाईट?"

दाजीबा त्या दिवशी बोलला तेवढे तो आयुष्यात क्वचितच बोलला असेल.

"पानी वाईट कसं आसंल, लेका? डब्यातला फेस ओलीचीच तर वाट बघत आसतो. ओल लागली की त्येला कळतं, आपलं ठिकान आलं. मग त्यो फुगतो, भित्तीला मिठी मारतो आन् जनमभर सोडत न्हाई. तू काल त्येला वाटंतच पानी दावलंस. त्येला वाटलं, आलं ठिकान. बसला नळीतच. त्येची काय चूक? म्हून डबा काढायचा न्हाई. डबा बसल्याला आसला, स्क्रू आवळल्याला आसला, की आत ना हवा ना ओल. दिसायला गबाळं, पन आत सगळं जितं."

इतकी वर्षे मिळालेले कोरडे हुंकार सोपानला एकेक करून आठवू लागले. पहिले सरळ दार बसवले तेव्हाचा, पहिली काच न फोडता कापली तेव्हाचा. त्या प्रत्येक वेळी तो एका शब्दासाठी तहानलेला होता, आणि त्या प्रत्येक वेळी तो अजून वाटेतच होता, ठिकाणी पोचायचा होता. त्याने आपट्याची पाने काढली, गुरूच्या हातावर सोने ठेवले आणि पायाशी वाकला.

दाजीबाने शेजारच्या बादलीत बोटे बुडवली आणि त्याच्या डोक्यावर चार थेंब झटकले.

"शाब्बास," तो म्हणाला.

"मिस्त्री, दसऱ्याला कसली रंगपंचमी?" हौसाक्का लांबून ओरडली.

"न्हाई, आक्का. गडी चौकटीत बसलाय आता. भिजला तरी चालंल."

सोपानने ते थेंब पुसले नाहीत. त्याने बाजूला ठेवलेली गन उचलली, मागचा स्क्रू आवळला, आणि डबा होता तसाच राहू दिला.